आदिम पृथ्वीचे लाव्हाखडक आणि भूपट्टांची सुरुवात: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पृथ्वीचं कवच आज मोठमोठ्या तुकड्यांत फुटलेलं आहे. हे तुकडे म्हणजे भूपट्ट, आणि ते वर्षाला काही सेंटिमीटर सरकतात. हिमालय उंचावतो, जपान हादरतं, अटलांटिक रुंदावतो, ते यामुळेच. पण पृथ्वीचं वय सुमारे ४५४ कोटी वर्षं आहे आणि हा कारभार पहिल्यापासून असाच चालत आला, असं गृहीत धरता येत नाही. तो कधी सुरू झाला, हा भूविज्ञानातला अजून न मिटलेला वाद आहे. या वादातले सर्वांत बोलके साक्षीदार म्हणजे तीनशे-साडेतीनशे कोटी वर्षांपूर्वीचे लाव्हाचे थर. ‘भूपट्टांचा सर्वांत जुना पुरावा सापडला’ अशा बातम्या अधूनमधून येतात आणि दर वेळी आकडा वेगळा असतो. त्यामुळे होणारा गोंधळ कमी व्हावा म्हणून नेहमी येणारे प्रश्न घेऊन इथे सविस्तर लिहिलं आहे.

जुने पुरावे समुद्रतळावर का शोधत नाहीत? नवं कवच तर तिथेच तयार होतं.

तयार तिथेच होतं आणि नष्टही तिथेच होतं. समुद्राखालच्या लांबच लांब पर्वतरांगांमध्ये शिलारस वर येऊन नवं कवच बनतं. ते हळूहळू बाजूला सरकतं, थंड होतं, जड होतं आणि शेवटी एखाद्या खोल गर्तेत दुसऱ्या भूपट्टाखाली शिरून प्रावरणात, म्हणजे कवचाखालच्या तप्त खडकाच्या जाड थरात, बुडतं. या बुडण्याला सबडक्शन म्हणतात. त्यामुळे आजच्या महासागरांचा जवळजवळ सगळा तळ गेल्या २० कोटी वर्षांतलाच आहे. त्याआधीचा, म्हणजे पृथ्वीच्या आयुष्याचा ९५ टक्क्यांहून जास्त काळ तिथून पुसला गेला आहे.

म्हणून शोध खंडांवर घ्यावा लागतो. खंडांचे काही गाभे फार पूर्वी घट्ट झाले आणि नंतरच्या उलथापालथीतून बऱ्यापैकी वाचले. त्यांना क्रेटॉन म्हणतात. त्यांच्यात अडकून राहिलेल्या प्राचीन लाव्हाच्या पट्ट्यांवर हा सगळा अभ्यास उभा आहे.

असे खडक नेमके कुठे आहेत?

मोजक्याच ठिकाणी. दक्षिण आफ्रिका आणि एस्वातिनी यांच्या सीमेवरचा बार्बर्टन पट्टा आणि पश्चिम ऑस्ट्रेलियातला पिलबारा ही दोन ठिकाणं सर्वांत महत्त्वाची. दोन्हीकडे सुमारे ३५० कोटी वर्षांपूर्वीपासूनचे थर आहेत आणि त्यातले बरेचसे आश्चर्य वाटावं इतके शाबूत आहेत. नैर्ऋत्य ग्रीनलंडमधला इसुआ पट्टा आणखी जुना, ३७० ते ३८० कोटी वर्षांचा, पण तो फार चिरडला आणि तापला गेला आहे. भारतात सिंगभूमच्या क्रेटॉनमध्ये सुमारे ३५० कोटी वर्षांपूर्वीचा डेसाइट, म्हणजे सिलिका जास्त असलेला लाव्हा आहे.

कॅनडात हडसन उपसागराच्या पूर्व किनाऱ्यावर नुव्वुआगित्तुक नावाचा छोटा पट्टा आहे. त्याच्या वयावरून बरीच वर्षं वाद चालू आहे. २००८ मध्ये ४२८ कोटी वर्षं असा आकडा मांडला गेला. इतरांनी झिरकॉन या खनिजाच्या कणांच्या वयावरून तो ३७५ कोटींच्या आसपास आणला. २०२५ मध्ये तिथल्या लाव्हात घुसून गोठलेल्या खडकांचं वय सुमारे ४१६ कोटी असल्याचं प्रसिद्ध झालं. घुसणारा खडक ज्यात घुसतो त्याहून तरुणच असणार, त्यामुळे मूळ लाव्हा त्याहून जुना ठरतो.

या पट्ट्यांना ग्रीनस्टोन पट्टे म्हणतात. मूळचा काळा बेसाल्ट दीर्घकाळ पाणी आणि उष्णता यांच्या संपर्कात राहून बदलतो, त्यात क्लोराइट, अ‍ॅक्टिनोलाइट, एपिडोट ही हिरवी खनिजं तयार होतात आणि सगळा खडकच हिरवट दिसू लागतो.

इतक्या जुन्या लाव्हाचं वय कसं काढतात?

बहुतेक वेळा थेट लाव्हाचं काढतच नाहीत. वय मोजायला सर्वांत भरवशाचं खनिज झिरकॉन. ते तयार होताना आपल्या स्फटिकात युरेनियम सहज सामावून घेतं, पण शिशाला जवळजवळ थारा देत नाही. त्यामुळे आज त्यात सापडणारं शिसं हे युरेनियमच्या किरणोत्सारी ऱ्हासातूनच आलेलं असतं. युरेनियम-२३८ चं अर्धायुष्य सुमारे ४४७ कोटी वर्षं आणि युरेनियम-२३५ चं सुमारे ७० कोटी. एकाच कणात दोन घड्याळं चालू असतात. दोन्हींनी एकच वेळ दाखवली तर वय पक्कं. नाही दाखवली, तर मधल्या काळात शिसं निसटलं, हेही कळतं.

अडचण अशी की बेसाल्टमध्ये झिरकॉन सहसा बनतच नाही. मग दोन लाव्हाथरांच्या मध्ये पडलेली ज्वालामुखीची राख किंवा सिलिका जास्त असलेला लाव्हा शोधायचा आणि त्यातल्या झिरकॉनवरून वरच्या-खालच्या बेसाल्टचं वय दोन्ही बाजूंनी बांधायचं. असा थर मिळालाच नाही तर समस्थानिकांच्या, म्हणजे एकाच मूलद्रव्याच्या वेगवेगळ्या वजनाच्या अणूंच्या, इतर पद्धतींकडे वळावं लागतं, आणि नुव्वुआगित्तुकसारखे वाद तिथेच सुरू होतात.

कोमाटाइट हा खडक इतका महत्त्वाचा का मानतात?

कारण असा लाव्हा आज पृथ्वीवर कुठेही बाहेर पडत नाही. बार्बर्टनमध्ये कोमाटी नदीच्या परिसरात मॉरिस आणि रिचर्ड विल्योएन या भावांनी तो ओळखला आणि १९६९ मध्ये त्याची माहिती प्रसिद्ध केली. त्यात मॅग्नेशियम ऑक्साइडचं प्रमाण १८ टक्क्यांहून जास्त असतं. इतकं मॅग्नेशियम लाव्हात यायचं तर प्रावरणाचा फार मोठा हिस्सा वितळावा लागतो, आणि त्यासाठी प्रचंड उष्णता लागते. आजचा बेसाल्ट साधारण ११०० ते १२०० अंश सेल्सिअसला बाहेर येतो. कोमाटाइट सुमारे १६०० अंशांना बाहेर येत असावा.

हा खडक एकदा नीट निरखून बघावा असा आहे. प्रवाहाच्या वरच्या भागात ऑलिव्हिन या खनिजाचे लांब, पातळ, पात्यांसारखे स्फटिक एकमेकांत गुंतून आडवेतिडवे वाढलेले दिसतात. काही बोटभर असतात, काही ठिकाणी हातभरही. ऑस्ट्रेलियातल्या एका काटेरी गवतावरून या रचनेला स्पिनिफेक्स म्हणतात. अतितप्त, पाण्यासारखा पातळ रस झपाट्यानं थंड होताना हे स्फटिक धावत वाढले. आता जागोजागी ऑलिव्हिन बदलून त्याचं सर्पेंटिन हे दुसरं खनिज झालं आहे, पण आकार तसाच आहे.

कोमाटाइट सांगतो की तेव्हाचं प्रावरण, निदान त्याचे काही भाग, आजच्यापेक्षा खूपच तापलेले होते. किरणोत्सारी मूलद्रव्यांतून मिळणारी उष्णताही तेव्हा आजच्या तीन-चार पट होती. काही संशोधकांच्या मते या शिलारसात पाणी होतं, आणि पाणी असलं की खडक कमी तापमानालाही वितळतो. तो आक्षेप धरला तरी आकडा थोडा खाली येतो, गरम पृथ्वीचं चित्र मोडत नाही. कोलंबियाच्या गोर्गोना बेटावर सुमारे ९ कोटी वर्षांपूर्वीचे कोमाटाइट आहेत. त्यानंतर हा लाव्हा आढळत नाही.

गरम पृथ्वीवर भूपट्ट जास्त वेगानं सरकले असतील ना?

पटकन असंच वाटतं, पण उलटही होऊ शकतं. भूपट्ट ओढले जातात ते मुख्यतः त्यांच्या बुडणाऱ्या टोकाच्या वजनानं. सागरी कवच खोल गेलं की दाबाखाली बेसाल्टचं एक्लोजाइट होतं, आणि एक्लोजाइट भोवतालच्या प्रावरणापेक्षा जड असतो. प्रावरण जास्त गरम असेल तर जास्त रस वितळतो आणि सागरी कवच जाड बनतं. आज ते साधारण ६-७ किलोमीटर आहे, तेव्हा त्याच्या कितीतरी पट असावं. जाड आणि गरम कवच हलकं पडतं, सहज बुडत नाही. शिवाय ते मऊ असतं, म्हणजे बुडायला लागलं तरी मध्येच तुटतं. त्यामुळे नुसत्या उष्णतेवरून ‘भूपट्ट होते’ असं म्हणता येत नाही आणि ‘नव्हते’ असंही नाही. खडकांनाच विचारावं लागतं.

पिलो लाव्हा म्हणजे काय आणि त्यातून भूपट्टांबद्दल काही कळतं का?

पाण्याखाली बाहेर पडलेला लाव्हा उश्यांसारख्या गोळ्यांत गोठतो. बाहेरची कड पाण्यानं लगेच काचेसारखी घट्ट होते, आतला रस ती फोडून पुढे येतो आणि नवा गोळा बनतो. कापलेल्या खडकात प्रत्येक गोळ्याची वरची बाजू फुगीर दिसते आणि खालची बाजू आधीच्या गोळ्यांच्या फटीत टोकदार होऊन रुतलेली. त्यामुळे मूळची वरची बाजू कोणती, हे थर उभे झाले किंवा पालथे झाले तरी सांगता येतं.

इसुआ, बार्बर्टन, पिलबारा या सगळ्या ठिकाणी पिलो लाव्हा आहे. म्हणजे तेव्हा पृथ्वीवर पाणी होतं. पण पाण्याखाली लाव्हा सांडायला भूपट्ट लागत नाहीत. इसुआमध्ये पिलो लाव्हाबरोबर सागरी कवचाची संपूर्ण रचनाच सापडली, असा दावा २००७ मध्ये झाला होता. इतक्या चिरडलेल्या खडकात तशी रचना ओळखणं अनेकांना पटलं नाही, आणि मलाही तो पुरावा अपुरा वाटतो.

लाव्हाच्या रसायनावरून सबडक्शन कसं ओळखतात?

सबडक्शनमध्ये बुडणाऱ्या कवचातून पाणी सुटतं आणि वरच्या प्रावरणात शिरतं. त्या पाण्याबरोबर बेरियमसारखी सहज विरघळणारी मूलद्रव्यं वर जातात. बुडणाऱ्या गाळाचा वितळलेला अंश थोरियम आणि हलकी दुर्मिळ मृदा मूलद्रव्यं घेऊन येतो. निओबियम, टँटलम आणि टायटॅनियम मात्र मागेच राहतात, कारण रुटाइलसारखी खनिजं त्यांना धरून ठेवतात. त्यामुळे अशा ठिकाणच्या लाव्हात थोरियमच्या मानानं निओबियम ठळकपणे कमी भरतं. जपान, इंडोनेशिया, अँडीज इथल्या ज्वालामुखींमध्ये ही खूण स्पष्ट दिसते.

जुन्या खडकांमध्ये मूलद्रव्यं निवडतानाही काळजी घ्यावी लागते. सोडियम, पोटॅशियम, बेरियम ही मूलद्रव्यं पुढच्या कोट्यवधी वर्षांत पाण्याबरोबर आतबाहेर होतात. म्हणून भिस्त ठेवायची ती निओबियम, थोरियम, झिर्कोनियम, टायटॅनियम अशा जागा न सोडणाऱ्यांवर.

मग निओबियम कमी भरलं म्हणजे भूपट्ट होतेच, असं समजायचं का?

नाही. अतिउत्साही बातम्यांचा घोटाळा मुख्यतः इथेच होतो. प्रावरणातून थेट वर आलेला साधा बेसाल्ट जर जुन्या ग्रॅनाइटसारख्या कवचातून वाट काढत आला आणि वाटेत त्यातलं थोडं वितळवून मिसळून घेतलं, तरी त्याच्यात अगदी हीच खूण उमटते. जाड बेसाल्टी कवचाचा तळ जड होऊन खाली गळून पडला, पाणी घेऊन गेला आणि वितळला, तरी तसंच. म्हणजे खूण खरी, पण ती उमटवणारे एकाहून जास्त.

खडकांची सोबत, म्हणजे कोणकोणते खडक एकत्र सापडतात ते, बघणं जास्त भरवशाचं. पिलबाराच्या पश्चिम भागात व्हुंडो नावाचा ३१२ कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हासमूह आहे. तिथे बोनिनाइट आहेत. हा खडक जपानच्या दक्षिणेकडच्या ओगासावारा बेटांवरून ओळखला जातो. आधीच एकदा रस निघून गेलेलं प्रावरण पाण्याच्या मदतीनं पुन्हा वितळलं की तो बनतो, आणि त्या भागात सुमारे ५ कोटी वर्षांपूर्वी सबडक्शन नुकतंच सुरू होत असताना तो बाहेर पडला. व्हुंडोमध्ये बोनिनाइटच्या जोडीला इतर लाव्हाही बेटांच्या ज्वालामुखी रांगेत असतात तसेच आहेत, आणि जुन्या कवचाची भेसळ दिसत नाही. एकट्यादुकट्या नमुन्यातल्या आकड्यापेक्षा असा सबंध संच मला कितीतरी जास्त पटतो. बोनिनाइटसारखे लाव्हा इसुआतही आहेत, पण तिथली सोबत इतकी स्वच्छ नाही.

खडक सरकला होता याचा थेट पुरावा असू शकतो का?

असू शकतो, आणि या विषयातला सर्वांत देखणा भाग हाच आहे. लाव्हातलं मॅग्नेटाइट हे चुंबकीय लोहखनिज ५८० अंश सेल्सिअसच्या खाली थंड होताना तेव्हाच्या चुंबकीय क्षेत्राची दिशा धरून ठेवतं. विषुववृत्तावर हे क्षेत्र आडवं असतं, ध्रुवावर उभं. म्हणजे खडकातल्या चुंबकत्वाचा कल मोजला की तो लाव्हा कोणत्या अक्षांशावर गोठला ते कळतं. एकाच प्रदेशातल्या दोन वेगवेगळ्या वयांच्या लाव्हांनी वेगळे अक्षांश दाखवले, तर मधल्या काळात तो प्रदेश सरकला.

प्रत्यक्षात हे काम चिकाटीचं आहे. हिऱ्याच्या कडेच्या पोकळ ड्रिलनं उघड्या कातळातून बोटभर लांबीचे दंडगोल काढतात. प्रत्येकाची दिशा तो खडकात अडकलेला असतानाच नोंदवतात, तीही सूर्याच्या सावलीवरून, कारण खडकाचंच चुंबकत्व होकायंत्राला फसवू शकतं. प्रयोगशाळेत चुंबकीय क्षेत्र पूर्ण अडवलेल्या भट्टीत नमुना पायरीपायरीनं तापवतात. दर पायरीला नंतरच्या काळात चढलेलं एकेक चुंबकत्व गळून पडतं, आणि मूळचं काही उरलं असेल तर ते सर्वांत शेवटी दिसतं. मग कसोट्या येतात. थरांना घडी पडण्याआधीचं हे चुंबकत्व आहे का? घडी उलगडून मांडल्यावर सगळ्या दिशा एकत्र येतात का? वरखाली असलेल्या लाव्हांमध्ये उत्तर-दक्षिण उलटलेली दिसते का?

पूर्व पिलबारातल्या हनीईटर बेसाल्टवर, म्हणजे ३१८ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हावर, हार्वर्ड विद्यापीठाच्या गटानं हे काम केलं. २०२० मध्ये त्यांनी निष्कर्ष दिला की ३३५ ते ३१८ कोटी वर्षांपूर्वीच्या काळात तो प्रदेश वर्षाला निदान अडीच सेंटिमीटर या वेगानं सरकत होता. २०२२ मध्ये त्याच भागातल्या सुमारे ३२५ कोटी वर्षांपूर्वीच्या खडकांवरून ६.१ सेंटिमीटर हा वेग आला, आणि चुंबकीय ध्रुव उलटल्याची अतिप्राचीन नोंदही मिळाली. हे वेग आजच्या भूपट्टांच्याच पंगतीतले आहेत.

‘निदान’ हा शब्द इथे महत्त्वाचा. या पद्धतीनं अक्षांश कळतो, रेखांश नाही. खडक पूर्व-पश्चिम कितीही सरकला असेल, तरी त्यातलं काहीच दिसत नाही.

याच्या विरोधात जाणारे पुरावे आहेत का?

आहेत, आणि ते भक्कम आहेत. कॅनडातल्या अबिटिबी पट्ट्यातल्या २७० कोटी वर्षांपूर्वीच्या एका लाव्हाप्रवाहात निओडिमियम-१४२ या समस्थानिकाचं प्रमाण किंचित जास्त सापडलं. हे निओडिमियम समॅरियम-१४६ पासून बनतं, आणि ते समॅरियम पृथ्वीच्या पहिल्या ५० कोटी वर्षांतच जवळजवळ संपलं. म्हणजे त्या आरंभीच्या काळात पडलेला फरक पुढे दीडशे कोटींहून जास्त वर्षं प्रावरणात टिकला. भूपट्ट सतत बुडत असते तर प्रावरण घुसळून निघालं असतं आणि हा फरक पुसला गेला असता, असा हा युक्तिवाद आहे.

दुसरा आक्षेप रूपांतरित खडकांचा. थंड भूपट्ट झपाट्यानं खोल गेला की ब्लूशिस्ट नावाचा निळसर खडक बनतो. जुन्यात जुने ब्लूशिस्ट ७० ते ८० कोटी वर्षांपूर्वीचे. सागरी कवचाचे सर्वमान्य अवशेषही फिनलंडमधल्या जोर्मुआसारखे, सुमारे १९५ कोटी वर्षांपूर्वीचे. अमेरिकी भूवैज्ञानिक रॉबर्ट स्टर्न याच आधारावर म्हणतात की खरे भूपट्ट गेल्या शंभर कोटी वर्षांतलेच. त्यांचा मुद्दा ठाम आहे, पण गरम पृथ्वीवर बुडणारं कवचही गरम असणार आणि तेव्हा ब्लूशिस्ट बनणारच नाही. त्यामुळे ब्लूशिस्ट नाही म्हणून सबडक्शन नाही, इथवर जायला मी तयार नाही.

भूपट्ट नव्हते तर कवच कसं वागत होतं?

अखंड, न सरकणारं झाकण अशी कल्पना मांडली जाते. खालून लाव्हा त्याला भेदून वर येतो, पसरतो, नवे थर जुन्या थरांना खाली दाबत नेतात आणि तळ वितळून पुन्हा वर येतो. गुरूच्या आयो या चंद्रावर असंच चालतं, असं मानतात.

पिलबाराच्या उपग्रहचित्रात याचा ठसा बघता येतो. ग्रॅनाइटचे फिकट, गोलसर, शंभरेक किलोमीटरपर्यंत रुंद घुमट, आणि त्यांच्यामध्ये दाबल्यासारखे ग्रीनस्टोनचे गडद, वाकडे पट्टे. जड लाव्हाची रास गरम, मऊ ग्रॅनाइटवर साचली, ती खाली खचली आणि ग्रॅनाइट घुमट होऊन वर आला. ही हालचाल उभी आहे, भूपट्टांची आडवी. दोन्हींचे पुरावे एकाच क्रेटॉनमध्ये आहेत, आणि पिलबारावरचे वाद म्हणूनच संपत नाहीत.

४४० कोटी वर्षांचे झिरकॉन सापडलेत ना? मग प्रश्न सुटला नाही का?

पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या जॅक हिल्सचे ते कण आहेत. त्यातल्या ऑक्सिजनच्या समस्थानिकांवरून तेव्हा पृष्ठभागावर पाणी होतं, असं मानतात. पण ते कण वाहत येऊन नंतरच्या खडकात बसले आहेत. ज्या खडकात ते जन्मले तो आता नाही, त्यामुळे त्याची सोबतही नाही. २०२३ मध्ये अशाच झिरकॉनमधल्या चुंबकत्वावरून ३९० ते ३४० कोटी वर्षांपूर्वी अक्षांशात फरक पडला नाही, म्हणजे झाकण स्थिर होतं, असं मांडलं गेलं. या कणांमधलं चुंबकत्व मूळचं आहे का, यावरच दुमत आहे.

लाव्हाखेरीज कुठे दुजोरा मिळतो?

हिऱ्यांत. हिऱ्याच्या पोटात अडकलेले एक्लोजाइटचे कण ३०० कोटी वर्षांच्या अलीकडचेच मिळतात, असं २०११ मध्ये दाखवलं गेलं. त्याआधीच्या हिऱ्यांत फक्त प्रावरणाचे कण. बुडालेलं सागरी कवच तेव्हापासून खंडांच्या तळाशी पोहोचू लागलं, असा त्याचा अर्थ लावतात.

मग भूपट्ट नेमके कधी सुरू झाले?

एक तारीख मागणं बरोबर नाही, असं माझं मत आहे. ३२० ते ३०० कोटी वर्षांपूर्वीच्या सुमारास निदान काही ठिकाणी कवच आडवं सरकत होतं आणि काही ठिकाणी बुडत होतं, हे चुंबकत्व, व्हुंडोचे लाव्हा आणि हिरे वेगवेगळ्या वाटांनी सांगतात. त्याच काळात दुसरीकडे घुमट वर येत होते. सगळी पृथ्वी भूपट्टांच्या एका जाळ्यात बांधली गेली, ती त्यानंतर कधीतरी. २७० कोटींचा अबिटिबीचा लाव्हा या चित्राच्या विरोधात जात नाही. एका भागात कवच बुडत असतानाही बाकीचं प्रावरण संथच राहिलं असेल.

पुढची बातमी आली की तीत काय बघावं?

आधी पुरावा रसायनाचा आहे की हालचालीचा, ते. हालचालीचा असेल तर एका क्रेटॉनचा आहे की दोन क्रेटॉनचा. एकच प्रदेश सरकताना दिसला तर कदाचित सगळं कवच एकसंध राहून प्रावरणावरून घसरलं असेल, ही शंका उरते. एकाच काळात दोन क्रेटॉन वेगवेगळ्या दिशांनी किंवा वेगवेगळ्या वेगानं गेलेले दिसले, तर मात्र त्यांच्यामध्ये कुठेतरी भूपट्टाची सीमा असलीच पाहिजे. त्यासाठी दोन्हीकडे सारख्या वयाचा आणि नंतर फारसा न तापलेला लाव्हा लागतो. पिलबारा आणि बार्बर्टन ज्यावर आहे तो कापवाल क्रेटॉन, ही त्यासाठी सर्वांत चांगली जोडी आहे.